नवा कटर की पाजवलेला?

विळी बोथट झाली म्हणून कोणी नवी विळी विकत आणीत नाही. पूर्वी दारावरून शिकलगार जात असे, तो पायाने चाक फिरवी आणि विळीला, सुरीला, कात्रीला ठिणग्यांच्या फवाऱ्यात पुन्हा धार आणून देई. जात्याची पाळ गुळगुळीत झाली की वडारीण टाकी लावून जाई. जाते मात्र तेच राही. हत्यार झिजावयाचेच, झिजले की पाजवावयाचे, आणि पाजवता येईनासे झाले तरच टाकावयाचे, हा विचार आपल्याकडे घरोघर मुरलेला होता. यंत्रावर चालणाऱ्या हत्यारांच्या बाबतीत मात्र तो इतका सरळ राहत नाही. तेथे हत्यार पाजवणे कधी मोठ्या शहाणपणाचे ठरते, तर कधी घाईने पाजवलेले तेच हत्यार सबंध दिवसाचे काम वाया घालवते. घराच्या पडवीत एक मिलिंग यंत्र मांडून बसलेल्या लहान कारखानदाराला ह्या दोहोंतील फरक ओळखता येणे, ह्यावर त्याची मिळकत पुष्कळ अंशी अवलंबून असते.

असे लहान कारखानदार सुरतेत बरेच आहेत. सुरत जगास ठाऊक आहे ती कापडासाठी आणि हिऱ्यांसाठी. परंतु ज्या शहरात लाखो माग चालतात, त्या शहरात मागांची दुरुस्ती करणारेही तितकेच लागतात. मागाचे एखादे दातेरी चाक तुटले, शाफ्टमधील चावीची खाच ढिली झाली, तर नवा भाग बाहेरगावाहून येण्याची वाट पाहत बसणे मालकास परवडत नाही. बंद पडलेला माग तासातासाला नुकसान करीत असतो. म्हणून उधना, पांडेसरा, सचिन ह्या औद्योगिक वसाहतींत आणि त्यांच्या आसपासच्या गल्ल्यांतून लेथ, शेपिंग, मिलिंग ही यंत्रे अहोरात्र खडखडत असतात. तापीच्या खोऱ्यातून जळगावकडून उधन्यास येणाऱ्या लोहमार्गाने खानदेशातील असंख्य कुटुंबे येथे आली आणि लिंबायत, डिंडोली, उधना ह्या भागांत स्थायिक झाली. त्यांतील पुष्कळांनी मागावर उमेदवारी केली, काही टर्नर-फिटर झाले, आणि काहींनी हातात चार पैसे येताच एखादे जुने यंत्र घेऊन आपले स्वतःचे काम मांडले. अशा कारखान्यात एकाच यंत्राभोवती तीन भाषा नांदतात. गुजराती कारागीर ज्या धारेला ‘बुठ्ठी’ म्हणतो तीच खानदेशी कारागिराची ‘बोथट’ असते. ती पाहून दोघांच्याही कपाळाला पडणारी आठी मात्र एकाच भाषेतली.

मिलिंगचा कटर म्हणजे कडेने दाते असलेले फिरते हत्यार. लेथवर काम फिरते आणि हत्यार स्थिर असते. मिलिंगमध्ये हत्यार फिरते आणि काम त्याच्याखालून हळूहळू सरकते. प्रत्येक दाता क्षणभर धातूत शिरतो, कीस काढतो आणि बाहेर पडतो. दात्याला दोन बाजू असतात, आणि ह्या लेखाचा सारा विषय त्या दोन बाजूंवरच उभा आहे. ज्या बाजूवरून कीस वर चढतो ते दात्याचे तोंड. कापलेल्या पृष्ठभागाकडे वळलेली जी बाजू, ती दात्याची पाठ. पाठ कामाला घासू नये म्हणून तिला किंचित उतार दिलेला असतो. तोंड आणि पाठ जेथे मिळतात ती रेषा म्हणजे धार.

रेषेला रुंदी नसते, असे शाळेत शिकवतात. चांगल्या धारेचेही तसेच आहे. कटर दिव्यासमोर धरून फिरवावा. तीक्ष्ण धार डोळ्यांना दिसतच नाही, कारण प्रकाश परतवून लावण्यास तिच्यापाशी जागाच नसते. धारेवर पांढरी चमकणारी बारीक पट्टी दिसू लागली की समजावे, धार गेली. ह्या परीक्षेला दिव्यापलीकडे कोणतेही उपकरण लागत नाही. कानालाही ती कळते: यंत्राचा स्वर जड होतो, कामाच्या काठावर कुसळे उभी राहतात, कीस वळण्याऐवजी चुरडून पडतो.

आता प्रश्न असा की ही चमकणारी पट्टी घासून काढावयाची ती तोंडाच्या बाजूने की पाठीच्या? येथे कटरांच्या दोन जाती होतात.

पहिली जात दातेरी चाकांचे दाते पाडणाऱ्या कटरांची. ह्या कटराच्या दात्याचा आकार हुबेहूब चाकाच्या दोन दात्यांमधील पोकळीसारखा असतो. जुन्या काळी असा कटर एकदा बोथट झाला की त्याचा आकार राखून धार लावणे फार कठीण जाई, कारण पाठीवर दगड लागताच वक्ररेषा बिघडे. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स येथील जोसेफ ब्राउन ह्या यंत्रकाराने ही अडचण सोडविली. युनिव्हर्सल मिलिंग यंत्र त्याने १८६२ साली तयार केले होते. त्यानंतर १८६४ साली त्याने एका निराळ्या कटराचे एकस्व घेतले. त्या कटराच्या दात्याची पाठ अशा वळणाने उतरत नेलेली होती, की दाता तोंडाकडून कितीही मागे घासला तरी उरलेल्या दात्याचा छेद तोच राही. वडीचा सुरळीचा उंडा कोठेही कापला तरी चकतीवर तेच नक्षीकाम दिसते, त्यातलाच हा प्रकार. आज बाजारात मिळणारे गिअर कापण्याचे कटर ह्याच तत्त्वावर बनतात. त्यांच्या पाठीस कधीही दगड लावावयाचा नसतो. फक्त तोंड घासावयाचे.

तोंड घासताना एक पथ्य मात्र कडक आहे. ह्या कटरांचे तोंड बहुधा कटराच्या मध्यबिंदूकडे सरळ रोखलेले असते. घासताना ते एका बाजूस कलले, तर दात्याचा आकार बदलतो आणि पाडलेल्या चाकाचे दाते एक तर बोजड होतात नाही तर किरकोळ. असे चाक मागावर बसविले की ते दोन दिवस गुरगुरते आणि जोडीदार चाकालाही खाते. दुसरे पथ्य असे की प्रत्येक दात्यावरून सारखाच भाग निघाला पाहिजे. एक दाता जरी इतरांपेक्षा उंच राहिला, तरी सारा भार तो एकटाच वाहतो. यंत्र दर फेऱ्यास एकदा ‘ठक्’ असा आवाज करते आणि बाकीचे दाते नुसते फिरायला आल्यासारखे फिरतात. घासून झाल्यावर कटर आर्बरवर चढवून डायल लावावी. दात्यादात्यांतील फरक दोन-तीन शतांश मिलीमीटरच्या आत असला म्हणजे काम साधले.

ह्या जातीच्या कटराबाबत घरी पाजवणे हेच बहुतेक वेळा किफायतीचे ठरते. हिशेबासाठी काही आकडे नुसते धरून पाहू. कटराची किंमत २,००० रुपये धरली, एका धारेत ४० चाके निघतात असे धरले, आणि बाहेर पाजवून घेण्यास २०० रुपये पडतात असे मानले. दात्याच्या जाडीपैकी ५ मिलीमीटर भाग पाजवण्याजोगा आहे. चमकणाऱ्या पट्टीची रुंदी जितकी, निदान तितका भाग तोंडावरून काढावा लागतो. पट्टी पाव मिलीमीटरची असतानाच कारागीर थांबला तर कटर सुमारे २० वेळा पाजवता येतो. म्हणजे २१ धारांतून ८४० चाके निघतात आणि एकूण खर्च ६,००० रुपये होतो. चाकामागे सात रुपयांच्या आसपास. तोच कटर एका धारेनंतर फेकून दिला तर चाकामागे ५० रुपये पडतात. पण ‘अजून चालतो आहे, चालू द्या’ असे म्हणत पट्टी एक मिलीमीटर होईपर्यंत रेटले, तर तो कटर पाच वेळांतच संपतो. आणि त्या शेवटच्या रेटण्यातून फारशी जास्त चाके पदरात पडतात असेही नाही, कारण बोथट धार तापते आणि तापलेली धार अधिकच वेगाने झिजते. कटर महाग पडतो तो पाजवल्यामुळे नव्हे, उशिरा पाजवल्यामुळे.

सुरतेच्या कारागिरास हा कटर जपावा लागतो, त्याला आणखी एक कारण आहे. साध्या जुन्या मागांचे आराखडे मूळचे लँकेशायरकडचे, इंचाच्या मापाचे. त्यांच्या चाकांचे दाते डायमेट्रल पिच ह्या मापाने मोजतात. आज बाजारात सहज मिळतात ते मेट्रिक मॉड्युलचे कटर. पाच मॉड्युलचा कटर पाच डायमेट्रल पिचच्या अगदी जवळ येतो, पण जवळ येणे म्हणजे जुळणे नव्हे. २५.४ ला पाचाने भागले की ५.०८ येतात, आणि तो आठ शतांशांचा फरक दात्यादात्याला साचत जातो. शिवाय एका मापाचा एकच कटर पुरत नाही. बारा दात्यांच्या लहान चाकापासून सरळ दंतपट्टीपर्यंत सर्व आकार साधण्यास आठ कटरांचा संच लागतो, कारण दाते कमी-जास्त झाले की दात्याची वक्ररेषाही बदलते. इंची मापाचा असा संच ज्याच्यापाशी आहे तो त्याला घरच्या भांड्यांपेक्षा अधिक जपतो, आणि त्यात काही नवल नाही.

दुसरी जात एन्डमिलची, आणि कडेने व तोंडाने कापणाऱ्या चकतीसारख्या कटरांची. ह्यांचा दाता सरळ असतो, आकाराची भानगड नसते. परंतु ह्यांस धार लावतात ती मुख्यतः पाठीवरून. पाठ घासली की कटराचा व्यास कमी होतो. बारा मिलीमीटरची एन्डमिल दोनदा पाजवली की ती पावणेबाराची झाली असे समजावे, आणि मग तिने पाडलेल्या खाचेत बारा मिलीमीटरची चावी बसणार नाही. पृष्ठभाग सपाट करण्यास किंवा कड उतरवण्यास ती अजून उत्तम चालेल. चावीच्या खाचेला मात्र ती गेली. म्हणून जाणते कारागीर अशा एन्डमिलला वेगळ्या डब्यात टाकतात आणि तिच्या दांड्यावर खडूने नवा व्यास लिहून ठेवतात. चावीची खाच पाडणाऱ्या कटराची झीज बहुधा टोकाशीच अधिक होते. त्याचे झिजलेले टोक पातळ दगडी चकतीने कापून टाकावे आणि केवळ टोकाचे दाते नव्याने घासावे. असे केले की कटर आखूड होतो, पण व्यास राखला जातो.

पाठीचा उतार किती द्यावा ह्याला अंदाज उपयोगाचा नाही. मऊ पोलादासाठी मध्यम आकाराच्या कटरास सहा अंशांच्या आसपास उतार लागतो. लहान कटरास अधिक. उतार कमी पडला तर पाठ कामावर घासते आणि यंत्र किंचाळते. जास्त झाला तर धार पातळ होऊन तुटते. हा कोन साधण्याची युक्ती अगदी साधी आहे. घासावयाच्या दात्याखाली एक पोलादी बोट टेकू म्हणून ठेवतात. वाटीच्या आकाराचा दगड वापरावयाचा असेल तर हे बोट कटराच्या मध्यापासून किती खाली ठेवावयाचे ते गणिताने निघते: कटराची त्रिज्या गुणिले कोनाची ज्या. पंच्याहत्तर मिलीमीटरच्या कटराला सहा अंश हवे असतील तर ३७.५ गुणिले ०.१०४५, म्हणजे चार मिलीमीटरला किंचित कमी. दहावीच्या त्रिकोणमितीचा इतका रोखठोक उपयोग क्वचितच कोठे दिसत असेल. बोट मात्र जो दाता घासावयाचा त्याच्याच खाली हवे, शेजारच्या दात्याखाली नव्हे. नाही तर एका दात्याची चूक दुसऱ्यावर उमटते.

ह्यासाठी तयार यंत्र मिळते, त्यास टूल अँड कटर ग्राइंडर म्हणतात, आणि ते लहान कारखान्यास महाग पडते. इंग्लंडमध्ये घरगुती यंत्रशाळा बाळगणाऱ्या हौशी लोकांनी त्यावर तोड काढली. तेथील प्राध्यापक डेनिस चॅडॉक ह्यांनी घरच्या लेथवर स्वतः बनवता येईल असे कटर पाजवण्याचे यंत्र रचले आणि १९७० नंतरच्या दशकात ‘मॉडेल इंजिनिअर’ ह्या नियतकालिकातून त्याची रचना सविस्तर प्रसिद्ध केली. आपल्या राहत्या गावावरून त्यांनी त्यास ‘क्वॉर्न’ हे नाव दिले. आजही जगभर हौशी कारागीर ते यंत्र बनवतात. सुरतेच्या पडवीतला कारागीर हौसेसाठी काम करीत नाही, त्यामुळे महिनोन्‌महिने एका उपकरणावर घालवणे त्याला शक्य नसते. पण जुन्या सरफेस ग्राइंडरवर इंडेक्सिंग हेड बांधून तो गिअरचा कटर उत्तम घासू शकतो. हातात कटर धरून बेंच ग्राइंडरवर अंदाजाने घासणे, हा मात्र धार लावण्याचा नव्हे, कटर संपवण्याचा मार्ग आहे. लेथचे साधे एकधारी हत्यार हाताने पाजवता येते, ड्रिलही सवयीने साधते. अनेक दात्यांचा कटर साधत नाही.

दगडाची निवडही महत्त्वाची. हायस्पीड पोलादास ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, बहुधा पांढरा किंवा गुलाबी दिसणारा, मऊ जातीचा दगड लावावा. ‘मऊ’ ह्याचा अर्थ त्याचे कण मऊ असा नव्हे, तर बोथट झालेले कण तो लवकर सोडून देतो असा. असे दगड पूर्वी परदेशांतून येत. आपल्या देशात त्यांची निर्मिती सुरू झाली ती १९४१ साली, मुंबईजवळ उरणच्या मोरा बंदरापाशी. दगडाचा पृष्ठभाग चकचकीत झाला म्हणजे तो कापीत नाही, नुसता तापवतो. त्याला हिऱ्याच्या टोकाने टाकी लावावी, जशी जात्याला लावतात. सुरतेत हिऱ्यास पैलू पाडण्याच्या यंत्रासही ‘घंटी’ म्हणतात, आणि गुजरातीत घंटी म्हणजे जातेच. फिरत्या दगडाशी माणसाचे नाते किती जुने आहे ते ह्या शब्दांतून दिसते.

तापण्याचा मुद्दा थोडा विस्ताराने सांगावा लागेल. साध्या कार्बनी पोलादाचे हत्यार दोन-अडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापले की त्याची कठिणता उतरते. टेलर आणि व्हाइट ह्या दोन अमेरिकनांनी १९०० च्या सुमारास पुढे आणलेले हायस्पीड पोलाद सुमारे सहाशे अंशांपर्यंत टिकते, आणि आज बहुतेक साधे मिलिंग कटर त्याचेच असतात. तरीही दगडाखाली धारेच्या टोकाशी ह्याहून अधिक उष्णता क्षणार्धात उत्पन्न होऊ शकते. धार निळी पडली, आणि घाबरून ती पाण्यात बुडवली, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. पुढे पहिल्याच कामात दात्याचा तुकडा उडतो आणि दोष मात्र पोलादाच्या जातीला लागतो. एका वेळी दोन-तीन शतांश मिलीमीटरपेक्षा अधिक घासू नये. एक तर सतत पाणी सोडावे, किंवा मुळीच सोडू नये.

ह्याच टेलरने धातू कापण्याच्या प्रयोगांत सुमारे पाव शतक घालविले, आणि १९०६ साली आपले निष्कर्ष मांडले. त्यांतला एक लहान कारखानदाराने भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे. हायस्पीड पोलादाच्या हत्याराचा वेग आणि आयुष्य ह्यांचे नाते त्याने असे बसवले, की वेग केवळ दहा टक्क्यांनी वाढवला तर धारेचे आयुष्य निम्म्याहूनही कमी होते. त्याचे प्रयोग लेथवरचे होते, तरी मिलिंगमध्येही अनुभव ह्याच दिशेचा आहे. ६३ मिलीमीटरचा कटर मऊ पोलादावर मिनिटाला १३० ते १५० फेऱ्यांनी चालवावा. घाईच्या दिवशी तोच पट्टा बदलून दोनशेवर नेला, की संध्याकाळी पाजवायला बसावे लागते. मागांची पुष्कळशी चाके बिडाची असतात. ओतीव बिडाच्या सालीत साच्याची वाळू चिकटलेली असते, ती कटराची वैरीण. तिच्यावरून धार घासत नेण्यापेक्षा पहिलाच घाव सालीच्या खालून घ्यावा, म्हणजे दाता आतून वर येतो आणि साल उचलून फेकतो.

कार्बाइडची गोष्ट निराळी. टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टमध्ये बांधण्याची रीत जर्मनीत कार्ल श्रोटर ह्यांनी १९२३ साली शोधली, आणि क्रुप कंपनीने १९२६ पासून ती ‘विडिया’ ह्या नावाने विकण्यास आरंभ केला. ‘हिऱ्यासारखे’ ह्या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून हे नाव बनले आहे. त्या नावाची कंपनी १९६४ साली बंगळूर येथेही स्थापन झाली, आणि आपल्याकडील जुने कारागीर कोणत्याही कार्बाइडला अजून ‘विडिया’च म्हणतात. आता बहुतेक कार्बाइड कटरांच्या दात्यांत सुट्या टिपा स्क्रूने बसविलेल्या असतात. एक कोपरा बोथट झाला की टीप फिरवावी, सारे कोपरे संपले की नवी बसवावी. ती घरी घासण्याच्या भानगडीत पडू नये. तिची मापे आणि तिच्यावरचा मुलामा कारखान्यात ज्या नेमकेपणाने दिलेला असतो तो घरच्या दगडावर येणार नाही. अखंड कार्बाइडची एन्डमिल महाग असल्याने पाजवण्याचा मोह होतो. पण तिला हिऱ्याचा दगड आणि संगणकावर चालणारे ग्राइंडर लागते. ते काम बाहेर द्यावे. हिऱ्याच्या दगडावर पोलाद मात्र कधी घासू नये. हिरा म्हणजे शेवटी कार्बनच, आणि तापलेले लोखंड कार्बन आपल्यात ओढून घेते. दगड नाहक झिजतो. पोलादासाठी बोरॉन नायट्राइड हा हिऱ्याच्या खालोखाल कठीण पदार्थ १९५७ साली प्रयोगशाळेत तयार झाला, त्याचे दगड मिळतात.

येथे एका धोक्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. कार्बाइड कोरडे घासताना उडणाऱ्या धुळीत कोबाल्ट असतो, आणि ती धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्याने फुप्फुसांचा कायमचा विकार जडतो, हे वैद्यकशास्त्रास पक्के ठाऊक आहे. मोठ्या कारखान्यात धूळ ओढून घेणारी नळी असते. घरगुती कारखान्यात ग्राइंडर आणि स्वयंपाकघर ह्यांच्यात कधी कधी केवळ एक पडदा असतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल ह्या धुळीला अडवीत नाही. जेथे मुले वावरतात तेथे कार्बाइड घासूच नये. दगडाचेही तसेच. दीडशे मिलीमीटरचा दगड मिनिटाला २,८०० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याचा काठ सेकंदाला सुमारे २२ मीटर धावत असतो. त्याला तडा असेल तर तो फुटतो, आणि तुकडे समोर उभे असलेल्याकडेच येतात. नवा दगड बसवण्यापूर्वी तो बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच ठोकावा. खणखणीत वाजला तर ठीक. फुटक्या मडक्यासारखा बोलला तर टाकून द्यावा. डोळ्यांवर चष्मा आणि दगडावर झाकण, ह्या दोहोंवाचून यंत्राची कळ दाबू नये.

मग नवा कटर केव्हा घ्यावा? सहा मिलीमीटरपर्यंतच्या एन्डमिल पाजवण्यात अर्थ नाही. वेळेचा दाम धरला तर नवीच स्वस्त पडते. दात्याचा तुकडा उडाला असेल तर सगळेच दाते त्याच्या पातळीपर्यंत घासावे लागतात. तेथे कटरात काही उरेल का ते आधी मोजावे. धार एकदा निळी पडून मऊ झाली असेल तर मऊ भाग पुरता निघेपर्यंत घासावे, आणि तो खोल गेला असेल तर कटराचा मोह सोडावा. आणि हातात एकच काम, उद्या सकाळी ते द्यावयाचे, अशा वेळी पाजवण्याचा प्रयोग करण्यापेक्षा बाजाराची वाट धरावी. पाजवण्याचे काम निवांतपणी, चार-सहा बोथट कटर साठल्यावर, एका बैठकीत करावे. यंत्र एकदा जुळवले की दुसऱ्या कटराला निम्माही वेळ लागत नाही. पाजवलेले कटर एकमेकांवर आपटत डब्यात पडू देऊ नयेत. सुरतेच्या पावसाळी हवेत उघड्या धारेवर दोन रात्रींत गंज चढतो, म्हणून त्यांस तेलाचा हात देऊन, कागदात गुंडाळून ठेवावे.

टाकाऊ ठरलेल्या कटराचेही मोल असते. कार्बाइडच्या झिजलेल्या टिपा भंगारवाला वजनावर घेतो, कारण त्यांतील टंगस्टन पुन्हा काढता येते. त्या साध्या लोखंडाच्या भंगारात मिसळू नयेत. हायस्पीड पोलादाच्या मोडक्या एन्डमिलच्या दांड्यातून, तो मऊ पोलादाचा जोडलेला नसेल तर, लेथची छोटी हत्यारे घासून काढता येतात. आणि ह्याच तुकड्यांतून घरगुती कारखान्याचा एक जुना, फारसा कोणी न सांगणारा उपाय निघतो. एखाद्या अनोळखी मापाचे मागाचे चाक तुटून आले, आणि त्या मापाचा कटर ना आपल्यापाशी ना बाजारात, तर आठ कटरांचा संच मागवीत बसू नये. तुटक्या चाकाच्या कडेला, जेथे जोडीदार चाक पोहोचत नाही, तेथे दात्याचा मूळ आकार बहुधा न झिजता शिल्लक असतो. हायस्पीड पोलादाचा तुकडा घासत घासत त्या पोकळीत बसवावा, उजेडासमोर धरून फट उरत नाही असे पाहावे, पाठीला उतार द्यावा, आणि तो एकच दाता आर्बरमध्ये आडवा कसावा. बारा दात्यांचे काम एकटा करीत असल्याने कामाची सरकण्याची गती बाराव्या हिश्श्यावर आणावी लागते. बेचाळीस दात्यांच्या चाकाला अशा रीतीने निम्मा दिवस लागतो. पण रात्रपाळीला तो माग पुन्हा चालू झालेला असतो.